रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची तब्येत: योगवर्गाआधी ड्युटी रोस्टर उघडा

निशाचर (धागाकर्ता)

'स्टाफ वेलनेस' म्हटलं की बहुतेक ठिकाणी साचा ठरलेला असतो. एक व्याख्यान, भिंतीवर दोन पोस्टर आणि सकाळी आठला योगवर्ग. आठला कोण मोकळं असतं? नाइट करून उतरलेली माणसं. म्हणजे ज्यांना झोपेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनीच आणखी तासभर जागायचं. योगावर माझा राग नाही. पण रोस्टर चुकलेलं असेल तर बाकी सगळं वरवरचं ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. इतर विषयांतल्या जाणकारांनी खाली भर घालावी.

क्रम. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम ठेवावा. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. उलटा क्रम लावला की दर बदलाला अंगावर येतो.

दोन ड्युट्यांमधलं अंतर. निदान ११ तास हवेत. 'दुपारनंतर लगेच सकाळ' हा सर्रास दिसणारा प्रकार पाहा: रात्री ९ ला सुटका, सकाळी ७ ला हजर. कागदावर १० तास. त्यातून हँडओव्हर लांबल्याचा पाऊण तास, जाण्यायेण्याचे दीड-दोन तास, जेवण-आंघोळ वजा करा. झोपेला पाच-साडेपाच उरतात, तेही डोकं टेकल्याबरोबर झोप लागली तर.

सलग रात्री. तीनच्या वर जाऊ नये. त्यानंतर दोन पूर्ण रात्री घरी झोपायला मिळायला हव्यात. इथे रोस्टर लिहिणाऱ्यांची नेहमीची चलाखी असते: ज्या सकाळी माणूस नाइटवरून उतरतो तो दिवस 'ऑफ' म्हणून मांडतात. तो ऑफ नाही, तो उतरता दिवस. सुट्टी त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा.

माणसांची संख्या. आठवड्याचे १६८ तास भागिले ४० म्हणजे ४.२. चोवीस तास भरलेल्या एका जागेसाठी एवढी माणसं लागतात, आणि हे कुणी रजा घेणार नाही, आजारी पडणार नाही, ट्रेनिंगला जाणार नाही असं धरून. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी ८ आठवडे या सगळ्यात गेले तर ४.२ × ५२ ÷ ४४, म्हणजे जवळजवळ ५. एका जागेला पाच माणसं. चारवर चालवलेला वॉर्ड 'चालतो', पण तो उरलेल्या चौघांच्या रजेवर आणि झोपेवर चालतो.

रोस्टर चार आठवडे आधी लावा आणि एकदा लावलं की परस्पर बदलू नका. आपापसात बदली करायला मुभा द्या, मात्र वरच्या ११ तासांच्या नियमाला धक्का लागत असेल तर ती नाकारा. लोक हौसेने स्वतःची झोप विकतात.

---

भूलवाला

चांगला धागा. डुलकीबद्दल लिहितो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार.

सतरा तास सलग जागं राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका घसरतो. चोवीस तासांनी ही घसरण ०.१ टक्क्याच्या घरात जाते. हे प्रयोग १९९७ सालचे, म्हणजे नवं काही नाही. पहाटे ३ ते ५ हा सगळ्यात खोल खड्डा. अंगाचं तापमान तेव्हा किमान असतं, आणि नेमकं तेव्हाच औषधाचे डोस मोजले जातात.

पहिल्या नाइटच्या आधी: सकाळी नेहमीसारखं उठलात तर दुपारी दीड तासाची झोप घ्या. दीड तास का, तर एक पूर्ण चक्र साधारण तेवढं असतं आणि शेवटाला झोप हलकी होते.

नाइटमध्ये: २० मिनिटं. गजर २५ चा लावा, पाच मिनिटं झोप लागण्यात जातात. पाऊण तासावर उठवलं तर माणूस गाढ झोपेतून उठतो आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोक्यावर धुकं राहतं. 'डुलकीने जास्तच सुस्ती येते' अशी तक्रार करणारे जवळजवळ नेहमी ४०-५० मिनिटं झोपलेले असतात. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं कुठलाही डोस मोजायचा नाही, तोंडी ऑर्डर द्यायची नाही.

कॉफी: परिणाम दिसायला अर्धा तास लागतो आणि निम्मं कॅफीन उतरायला सुमारे पाच तास. म्हणून ती रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात, थोडी थोडी. सकाळी ९ ला झोपायचं असेल तर ३ नंतर बंद. डुलकीच्या लगेच आधी घेतली तर दोन्हीचा उपयोग एकाच वेळी होतो, ही युक्ती खरोखर चालते.

घरी जाताना: स्वतः गाडी चालवू नका. २४ तासांच्या वर ताणलेल्या ड्युटीनंतर निवासी डॉक्टरांच्या अपघातांची शक्यता दुपटीहून जास्त होते असं २००५ मध्ये दाखवलं गेलं आहे. खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे याने झोप जात नाही, ती येतेय हे फक्त कळायचं थांबतं. गाडी चालवण्यावाचून इलाज नसेल तर निघण्याआधी वीस मिनिटं झोपून, वर सांगितलेलं धुकं उतरल्यावर निघा.

---

रोखठोक

वाचायला छान आहे. पण रात्री वॉर्डात दोन सिस्टर आणि तीस पेशंट. एक झोपली तर तिचे पंधरा कोण बघणार? तुमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) माणसं असतात, वॉर्डात नसतात.

---

भूलवाला

@रोखठोक, रास्त. दोनच असतील तर डुलकीला नाव आणि वेळ द्यावी लागते: अमुक २ ते २.२५, तमुक ३ ते ३.२५. त्याआधी दोघींनी मिळून सगळ्या खाटांवरून एक फेरी. फोन जागीकडे. झोपलेलीला उठवायच्या गोष्टी आधी ठरलेल्या: खाली घसरलेलं बीपी, नवी ॲडमिशन, दोन हातांचं कुठलंही काम. झोपायची जागा वॉर्डालगत, आडवं होता येईल अशी, दाराला आतून कडी नसलेली. खुर्चीत मान टाकून झोपणं म्हणजे झोपही नाही आणि मानही गेली.

आणि हे लेखी हवं. तोंडी परवानगी असेल तर पहिली तक्रार येताच 'ड्युटीवर झोपली' असा मेमो निघतो.

---

टोपणविरोधी

(आयडीवरून कळलंच असेल की सुईला टोपण परत लावणाऱ्यांवर माझा राग आहे.)

सुई टोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे पाठ असणारी माणसं कमी. क्रमाने लिहितो.

हातातलं काम सुरक्षित ठेवून दुसऱ्याच्या स्वाधीन करा. 'एवढं टाके घालून होऊ दे' नको. ग्लोव्ह काढा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका. पिळल्याने विषाणू बाहेर येतो याला आधार नाही, आणि ब्लीचने उती जळते. डोळ्यात उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवा.

मग धोका मोजा. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, डोळ्यात-तोंडात उडाल्यास ०.०९ टक्के. हेपॅटायटिस सीचा जुना आकडा १.८ टक्के होता, नंतरच्या मोठ्या पाहणीत तो ०.२ च्या आसपास निघाला. खरा राक्षस हेपॅटायटिस बी: लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के. आणि नेमकी त्याचीच लस आहे. पोकळ सुई, तिच्यावर दिसणारं रक्त, खोल जखम, थेट शिरेतून निघालेली सुई यांनी धोका वाढतो. टाक्याची भरीव सुई त्या मानाने सौम्य.

एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं: पहिली गोळी शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर देण्यात अर्थ राहत नाही. रिपोर्टची वाट पाहायची नाही. पेशंटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करता येतात. तीन औषधं, २८ दिवस. सहसा टेनोफोविर, त्याच्यासोबत लॅमिव्हुडिन किंवा एमट्रिसिटाबिन, आणि डोलुटेग्राविर.

चुका इथे होतात:

– औषधं फार्मसीच्या कपाटात, किल्ली दिवसपाळीकडे. सुई रात्री अडीचला टोचते. पहिल्या तीन दिवसांचं पाकीट कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत, सही करून घेता येईल असं ठेवा, आणि महिन्यातून एकदा मुदत तपासा.

– मळमळ होते म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या सुटतात. पहिल्याच दिवशी मळमळीची गोळी सोबत द्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आपणहून फोन करा.

– डोलुटेग्राविर अँटासिडसोबत घेतलं की शोषलंच जात नाही. अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दलही विचारा.

– ज्याला आधीच हेपॅटायटिस बी आहे त्याचं टेनोफोविर २८ दिवसांनी झटकन थांबवलं तर यकृताचा दाह भडकू शकतो. म्हणून सुरुवातीलाच एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची).

– त्याच दिवशीचं स्वतःचं रक्त दिलेलं नसतं. मग पुढे लागण निघाली तर ती या सुईने झाली हे सिद्ध करता येत नाही. पुढच्या एचआयव्ही तपासण्या सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान नाही.

हेपॅटायटिस बीची लस: ०, १ आणि ६ महिने. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी. १० किंवा वर आलं की झालं, पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. पाच-सात वर्षांनी टायटर खाली येतं, तरी शरीराची आठवण शाबूत असते. म्हणून ते वेळेवर केलेलं हवं. उशिरा केलं आणि १० च्या खाली आलं तर लस लागलीच नव्हती की लागून उतरली हे सांगता येत नाही. दोन पूर्ण मालिका, म्हणजे सहा डोस, घेऊनही टायटर आलं नाही तर त्या माणसाच्या फाइलवर ठळक लिहा: हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), किलोमागे ०.०६ मिली, शक्यतो २४ तासांत, आणि महिन्याने पुन्हा एकदा.

---

कोपऱ्यातलीबादली

यात वॉर्डातल्या मावशी-मामांचा उल्लेख कुठेच नाही. सुई वापरणारा वापरून निघून जातो. ती चादरीत, ट्रेखाली, काळ्या पिशवीत सापडते आणि टोचते ती चादर उचलणाऱ्याला. लसीच्या यादीत मात्र डॉक्टर आणि नर्स पहिले. कंत्राटी माणसं तर कुणाच्याच यादीत नसतात.

---

टोपणविरोधी

@कोपऱ्यातलीबादली, शंभर टक्के मान्य, माझी चूक. पोकळ सुई, कुणाच्या रक्ताची ते माहीत नाही, पातळ ग्लोव्ह: धोका मोजणंच अशक्य. लस आणि टायटर हे पगार कोण देतो यावर नव्हे, कोण कचरा हाताळतो यावर ठरायला हवं. कंत्राटात 'लसीचे तीन डोस आणि टायटर' अशी अट घाला आणि पहिला डोस कामाच्या पहिल्या दिवशी द्या. सहा महिन्यांत माणूस सोडून जाईल म्हणून लस न देणं हा हिशेब मी ऐकलाय, तो हिशेब नव्हेच.

डब्याबद्दल: सुई जिथे वापरली तिथे हात लांब केला की डबा मिळायला हवा. चार पावलं चालावी लागली की सुई ट्रेमध्ये राहते. डब्याचं तोंड छातीच्या खाली, आत किती भरलंय ते वरून दिसेल एवढ्या उंचीवर. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. पूर्ण भरेपर्यंत थांबलात तर शेवटची सुई ढकलणाऱ्याला आतली सुई लागते. टोपण लावावंच लागलं तर एका हाताने: टोपण ट्रेवर आडवं ठेवून सुईने उचलायचं.

ओटीत दुहेरी ग्लोव्ह, आणि फॅशियाला (स्नायूंवरच्या पडद्याला) टाके घालताना बोथट टोकाची सुई. तिने ग्लोव्हला भोकं पडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. अवजारं हातातून हातात न देता मधल्या ट्रेमधून.

---

कणा

पाठीबद्दल. 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' हे शिकवून दुखापती कमी होत नाहीत. नुसत्या उचलण्याच्या तंत्राचं प्रशिक्षण पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आणि दर वेळी हेच निघालं. कारण पेशंट म्हणजे खोकं नव्हे. त्याला मूठ नाही, तो मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारतो, आणि खाटेच्या कडेमुळे वजन अंगापासून लांब राहतं.

पेशंट हाताने उचलण्यासाठी सुचवलेली कमाल मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, आणि तीही परिस्थिती चांगली असताना. ८० किलोच्या माणसाचा एक पायच साधारण १३ किलो भरतो. ओटीत ड्रेपिंग (निर्जंतुक कापडं घालणं) होईपर्यंत तो पाय हातावर तोलून उभी असलेली सिस्टर कुठल्या मर्यादेत बसते ते बघा. तिथे पायाचा आधार लावा, माणूस नको.

पेशंटला खाटेवर वर सरकवायला स्लाइड शीट (गुळगुळीत सरकती चादर). खाटेची उंची दोघांपैकी बुटक्याच्या कंबरेइतकी. ब्रेक लावलेत का ते पायाने दाबून बघा, नुसतं पाहून नव्हे. उशी काढा. पेशंटला कुशीवर करून शीट पाठीखाली गुंडाळी करून सरकवा, दोन्ही गुळगुळीत बाजू एकमेकींवर. एक पाय पुढे, एक मागे, आणि हाताने न ओढता अंगाचं वजन मागच्या पायावर घ्या. मोजणी एकाने, मोठ्याने. काम झालं की शीट काढायचीच. खाली राहिली तर पेशंट रात्री घसरून पडतो.

हॉइस्ट (पेशंटला झोळीत, म्हणजे स्लिंगमध्ये, उचलणारं यंत्र) आहे पण वापरत नाही, हे का, ते नुसतं विचारू नका, जाऊन बघा. चारपैकी एक कारण सापडेल: बॅटरी उतरलेली, स्लिंग धुवायला गेलेली, हव्या मापाची स्लिंग नाही, किंवा यंत्र स्टोअरमध्ये कुलपात. प्रत्येक हॉइस्टमागे निदान तीन स्लिंग आणि कॉरिडॉरमध्ये चार्जिंगची ठरलेली जागा, एवढ्याने वापर सुरू होतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत टेबल नेहमीपेक्षा खाली लागतं, कारण अवजारं लांब. दांडे कोपराच्या पातळीला यायला हवेत. मॉनिटर सर्जनच्या समोर, डोळ्यांच्या किंचित खाली. खांद्यावरून मान वळवून तीन तास म्हणजे पुढची तीस वर्षं. दर २०-४० मिनिटांनी दीड मिनिट हात सोडून मान-खांदे फिरवले तर दुखणं कमी होतं आणि ऑपरेशन लांबत नाही. सर्जन हे आपणहून करत नाहीत. घड्याळ भूलवाल्यांकडे द्या, त्यांना थांबवायची सवय असते :)

---

भूलवाला

:) नोंद घेतली.

---

कोरडेहात

त्वचेचं थोडक्यात. हात फुटलेत आणि रब (हातांना चोळायचं अल्कोहोल) लावल्यावर झोंबतंय म्हणून लोक रब सोडून साबणावर जातात. बरोब्बर उलटं. झोंबतं कारण साबणाने आधीच त्वचेवरचं तेल नेलेलं असतं. हात दिसायला मळलेले नसतील तर रबच वापरा, २० ते ३० सेकंद. त्यात ग्लिसरॉल असतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात १.४५ टक्के, ते त्वचेतला ओलावा धरून ठेवतं. साबण दिसणाऱ्या घाणीला आणि जुलाबाच्या पेशंटनंतर, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही. पाणी कोमट. हात धुतल्याधुतल्या रब नको. ओल्या हातांवर ग्लोव्ह तर नकोच, आत शिजतात.

इसब आणि ॲलर्जी वेगळी ओळखा. बोटांच्या बेचक्यात, अंगठीखाली कोरडं, भेगाळलेलं: बहुधा साबण-पाण्याचा मार. मनगटाला ग्लोव्हच्या कडेशी रेघ आखल्यासारखं थांबणारं, एक-दोन दिवसांनी उठणारं खाजरं पुरळ: ग्लोव्हमधल्या रसायनांची ॲलर्जी, पॅच टेस्ट करा. ही नायट्राइल ग्लोव्हनेही होते, म्हणून 'लॅटेक्स बदललं तरी जात नाही' असं वाटतं. मिनिटांत गांधी, शिंका, छातीत घरघर: ती लॅटेक्सची, आणि ती थट्टेवारी नेऊ नका.

क्रीम पंपाच्या बाटलीत, बेसिनपाशी. डबी सगळ्यांनी बोटं बुडवायला नाही. ड्युटीच्या सुरुवातीला, जेवणाआधी आणि निघताना.

---

ऐकणारा

शरीरावर बरंच झालं. मनाबद्दल लिहितो, आणि निशाचर यांच्याशी थोडा मतभेदही नोंदवतो.

'बर्नआउट' हा शब्द १९७४ पासून या अर्थाने वापरात आहे. त्याचे तीन पाय: भावनिक थकवा, पेशंटबद्दल कोरडेपणा ('खाट नंबर सातचं अपेंडिक्स'), आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत) तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदलेला आहे. हा फरक किरकोळ नाही. आजार म्हटला की माणसाला गोळी, कामाची अवस्था म्हटली की कामाची दुरुस्ती. इथवर निशाचर बरोबर.

पण रोस्टर सुधारून नैराश्य जात नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात आणि 'दमलाय बिचारा' म्हणून खरं नैराश्य महिनोन्‌महिने झाकलं जातं. चार दिवस रजा घेऊन, घरी झोपूनही कशातच रस येत नसेल, भूक-झोप बिघडलेली राहत असेल, तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरा. नऊ प्रश्न, २७ गुण. १० किंवा वर आलं तर डॉक्टरकडे. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. त्यात शून्याव्यतिरिक्त काहीही असेल तर बेरीज बघायची नाही, त्याच दिवशी कुणीतरी समोर बसून बोलायचं, आणि त्या रात्री त्याला औषधांच्या कपाटाशी एकटं ठेवायचं नाही.

वाईट प्रसंगानंतर काय करावं याबद्दल फार घोळ आहे. टेबलावर मृत्यू झाला की सगळ्यांना गोल बसवून 'तुम्हाला काय वाटतंय' असं एकेकाला विचारायची पद्धत. एकाच बैठकीत सक्तीने असं मन मोकळं करायला लावल्याने पुढचा आघात टळत नाही, काही चाचण्यांत तर त्रास वाढलेला दिसला. त्याऐवजी पाच-दहा मिनिटं, उभ्याउभ्याच, कामापुरतं: काय घडलं, काय चांगलं झालं, कुठलं सामान संपलं, आत्ता कुणाला थांबायचंय. बोलायचं नसेल त्याने बोलू नये. पुढच्या केसला जाण्याआधी पाणी आणि लघवी. हसू नका, हे दोन्ही हमखास राहून जातं.

नंतरची विचारपूस मात्र ठरवून: दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, महिन्याने. स्वप्नं, दचकणं, ती खोली टाळणं महिन्यानंतरही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञ.

चूक स्वतःच्या हातून झाली असेल तर वेगळं प्रकरण. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा डॉक्टरला 'दुसरा बळी' म्हटलं. तिथे मदत करणारा आणि चौकशी करणारा एकच असता कामा नये. नेहमी असतो.

---

रोखठोक

समुपदेशक नेमलेला असतो हो. पण त्याची खोली एचआरच्या शेजारी आणि वेळ ११ ते ४.

---

ऐकणारा

@रोखठोक, अगदी. म्हणून 'कुणी येतच नाही' असा अहवाल जातो आणि पद रद्द होतं. तीन गोष्टी बघा: जाताना कोण बघतं, नोंद कुठे राहते, आणि नाइटवाला कधी जाणार. समुपदेशक बाहेरचा, फोनवर, रात्रीही मिळणारा, आणि रुग्णालयाकडे फक्त आकडा जाणारा, नावं नाहीत. मदत घेतली तर नोंदणीवर किंवा बढतीवर काय परिणाम होईल याची भीती खरी असते, तिचं उत्तर लेखी द्या.

---

दोनदारं

मारहाणीबद्दल कुणीच बोललं नाही. थोडं भरतो.

वाईट बातमी एकट्याने सांगू नका आणि कॉरिडॉरमध्ये तर नाहीच. खोलीला दोन दारं, नसतील तर तुम्ही दाराकडे. नातेवाइकाचा रस्ताही अडवू नका, कोंडलेला माणूसच अंगावर येतो. अंतर दोन हात. गळ्यात स्टेथोस्कोप नको. ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. आवाज चढला की आपला उतरवायचा, वाक्यं छोटी करायची, 'शांत व्हा' हे म्हणायचं नाही. मुठी, येरझाऱ्या, तेच तेच प्रश्न ही आधीची चिन्हं, तेव्हाच मदत बोलवा. पॅनिक बटण दाबल्यावर ते कुठे वाजतं आणि कोण किती मिनिटांत येतं हे दर महिन्याला, एकदा रात्री, तपासा. न वाजणारं बटण नसण्यापेक्षा वाईट.

बहुतेक भडके उपचारांपेक्षा न कळलेल्या उशिरामुळे उडतात. दर तासाला 'अजून किती वेळ आणि का' एवढं सांगणारा एक माणूस नेमा.

---

कोपऱ्यातलीबादली

अवांतर: आयसीयूतले अलार्म. दिवसभर वाजून माणूस बहिरा होतो आणि मग खराही ऐकू येत नाही. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदलले, त्वचा पुसून कोरडी केली, आणि मर्यादा पेशंटनुसार लावल्या तर खोटे अलार्म बरेच उतरतात. अनेक ठिकाणी इलेक्ट्रोड गळून पडेपर्यंत तेच असतात.

---

निशाचर (धागाकर्ता)

@ऐकणारा, मतभेद मान्य. रोस्टर पहिलं, एकमेव नव्हे.

व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारणा आली की बजेट शून्य असेल तर काय. शून्य पैशांत होणारं, वरच्यांतलंच: रोस्टरचा क्रम उलटा असेल तर सुलटा करणं, दुपार-सकाळ जोडी बंद, डुलकीच्या नावनिशी वेळा, औषधांच्या पाकिटाची जागा बदलणं, सुईचा डबा हाताशी आणणं, हॉइस्ट कुलपातून बाहेर काढणं. माणसं वाढवायला पैसे लागतात, ते मागताना ४.२ आणि ५ चा हिशेब कागदावर न्या. 'स्टाफ कमी आहे' या वाक्याला उत्तर द्यावं लागत नाही, आकड्याला द्यावं लागतं.

---

नवीखाट

कॅथ लॅबमध्ये (एक्स-रेखाली अँजिओग्राफी करतात तिथे) नव्याने लागलेल्यांसाठी एक प्रश्न. लेड (शिशाचा) एप्रन असताना किरणांची मात्रा मोजणारा बॅज कुठे लावायचा, आत की बाहेर? आणि गरोदर असताना तिथे काम करावं का?

---

टोपणविरोधी

@नवीखाट, एकच बॅज असेल तर एप्रनच्या आत, छातीवर. दोन मिळाले तर दुसरा बाहेर कॉलरला, तो डोळ्यांचा अंदाज देतो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षी ५० च्या वर नाही, ही आंतरराष्ट्रीय शिफारशीतली मर्यादा. २०११ पासून डोळ्याच्या भिंगासाठीही हीच सुचवलेली आहे. त्याआधी ती १५० होती, म्हणून जुने लोक शिशाचा चष्मा लावत नाहीत. तुम्ही लावा. किरणांच्या उगमापासून अंतर दुप्पट केलं तर मात्रा चौथाईवर येते. फ्लुरो (सलग चालणारा एक्स-रे) चालू असताना एक पाऊल मागे घेणं हा सगळ्यात स्वस्त एप्रन.

गरोदरपण लवकर कळवा. कळवल्यापासून पुढे बाळापर्यंत १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ नये अशी कामाची आखणी करतात. पोटावर, एप्रनच्या आत, वेगळा बॅज, आणि त्याचं वाचन दर महिन्याला. काम थांबवावंच लागतं असं नाही, ते वाचन बघून ठरतं.

एप्रन घडी घालून टाकू नका, टांगा. घडीवर शिशाला चिरा जातात आणि बाहेरून दिसत नाहीत. वर्षातून एकदा फ्लुरोखाली धरून बघायचे असतात. तुमच्या लॅबमधल्यांवर शेवटची तारीख लिहिली आहे का, ते उद्या बघून सांगा.